मूळ शेवट कुणाच्या कपाटात आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ हा २०१३ चा हिंदी चित्रपट तमिळ रूपात पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याचा शेवट बदललेला होता. मूळ चित्रपटात मरणारा नायक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने जिवंत करण्यात आला होता. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली, चित्रपटाचे हक्क असलेल्या कंपनीने कायदा आपल्या बाजूने असल्याचे सांगितले आणि त्यानंतर जो वाद रंगला तो या दोन पक्षांपुरताच राहिला. चित्रपट दिग्दर्शकाचा की पैसे घालणाऱ्याचा? यंत्राने घडवलेल्या दृश्याला कला म्हणायचे का? प्रश्न महत्त्वाचे खरेच, पण त्या साऱ्या चर्चेत एक पक्षकार गैरहजर होता. ज्याने बारा वर्षांपूर्वी तो चित्रपट पाहिला, ज्याला तो आवडला किंवा मुळीच आवडला नाही, आणि ज्याला उद्या तोच चित्रपट पुन्हा पाहून आपले मत तपासायचे आहे, त्या प्रेक्षकाचे काय? कुणी त्याचा विषय काढलाच तर उत्तर तयार होते: ‘मूळ चित्रपट कुठे पळून गेला आहे? तो आहेच की!’

तो नेमका कुठे आहे आणि किती दिवस तिथे राहणार आहे, हा माझा प्रश्न आहे. आवडत्या दिग्दर्शकांचे चित्रपट डीव्हीडी किंवा ब्लू-रेवर विकत घेऊन, शक्य तितके ओळीने आणि शक्य तितके पूर्ण, घरी जमवणे याकडे आज एक जुनाट, थोडासा हास्यास्पद छंद म्हणून पाहिले जाते. माझ्या मते हे संहिता, म्हणजे कलाकृतीचा मूळ पाठ, सांभाळण्याचे काम आहे आणि चित्रपटाविषयी गंभीरपणे बोलू पाहणाऱ्या समाजाला त्याची गरज आहे. ज्या कलाकृतीची प्रत कुणाच्याच हाती स्थिर राहत नाही, तिच्याविषयी आठवणी सांगता येतात, वाद घालता येत नाही. आणि एका दिग्दर्शकाचे चित्रपट शेजारी शेजारी ठेवले नाहीत, तर त्या वादाला मुद्देसूदपणा येत नाही.

ही बाजू आजवर वाईट रीतीने मांडली गेली आहे, याचा दोष बऱ्याच अंशी आम्हा संग्राहकांकडेच जातो. आम्ही बोलतो ते चित्राच्या स्पष्टपणाविषयी, डब्याच्या देखणेपणाविषयी, ‘हातात धरण्याच्या आनंदा’विषयी. काही जण स्मरणरंजनात रमतात: गल्लीतले व्हिडिओ केंद्र, एका रात्रीसाठी भाड्याने आणलेला व्हीसीआर, तीन कॅसेटी आणि पहाटेपर्यंत जागणारी चाळ. हे सगळे खरे असले तरी युक्तिवाद म्हणून निरुपयोगी आहे, कारण समोरचा माणूस शांतपणे म्हणतो की तुमच्या भावना समजल्या, पण मला दीडशे रुपयांत महिनाभर हजार चित्रपट मिळतात. यावर संग्राहक चित्राच्या दर्जाचे माप म्हणून ‘बिटरेट’ काढतो, आणि वाद दूरचित्रवाणी संचाच्या दुकानात जाऊन पोहोचतो. पलीकडच्या बाजूचे गृहीतकही तितकेच कच्चे आहे. ‘सगळे उपलब्ध आहे’ असे म्हणणाऱ्याने स्वतःच्या आवडीच्या एका जुन्या दिग्दर्शकाचे नाव घ्यावे, त्याच्या चित्रपटांची यादी कागदावर करावी आणि त्यातले किती आज रात्री, न कापलेले आणि पडद्यावर कुणाचे बोधचिन्ह न चिकटवलेले, पाहता येतात ते मोजावे. मी राजा परांजपे यांच्यापुरता हा प्रयोग केला. निकाल उत्साहवर्धक नव्हता.

संहिता स्थिर असण्याला महत्त्व का द्यायचे, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची खरे तर गरज पडू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या जमवून पाठशुद्धी केली, कारण तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी आपापल्या परीने ग्रंथ ‘सुधारला’ होता. यापुढे कुणी त्यात स्वतःची ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवण्यासारखे होईल, असा स्पष्ट इशारा त्यांनी देऊन ठेवला. ओव्या घुसडणारे लोक दुष्ट नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. त्यांच्या दृष्टीने ते ग्रंथ अधिक सोपा, अधिक रसाळ, काळाला अधिक साजेसा करत होते. नेमका हाच युक्तिवाद आज नायकाला जिवंत करणाऱ्यांच्या तोंडी आहे. आणि एकनाथांना पाठशुद्धी करता आली ती कशाच्या जोरावर? निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या गावांत, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांनी पोथ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून. सगळ्या वाचकांना एकाच मठातून एकच पोथी वाचून दाखवली जात असती आणि ती पोथी मठाधिपती वाटेल तेव्हा बदलू शकत असता, तर तुलना कशाशी केली असती?

चित्रपटाच्या बाबतीत हे घडून गेले आहे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी आणीबाणीत प्रदर्शित झाला. ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो हा मूळ शेवट सेन्सॉरने नाकारला आणि ऐन वेळी पोलीस येऊन त्याला वाचवतात असा शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. अधिकृत ‘शोले’ त्यानंतर अनेक दशके तोच होता. मूळ शेवट असलेली लांब प्रत मात्र व्हीएचएस कॅसेटवर आली, आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांना रमेश सिप्पी यांनी काय केले होते हे ठाऊक होते. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात पुनरुज्जीवित ‘शोले’ त्या शेवटासह मोठ्या पडद्यावर दाखवला गेला, तेव्हा बातम्यांचा सूर गुप्तधन सापडल्यासारखा होता. ते धन इतकी वर्षे काही घरांतल्या लाकडी कपाटांत, कोऱ्या कागदावर बॉलपेनने नाव लिहिलेल्या कॅसेटींत होते. मी स्वतः तो शेवट पहिल्यांदा पाहिला तो आखातात नोकरी करणाऱ्या एका नातेवाइकाने आणलेल्या कॅसेटवर, आणि बराच काळ माझी समजूत अशी होती की ती कुठली तरी बनावट प्रत असावी. अधिकृत आवृत्तीची सवय अशी असते.

कुणी म्हणेल, हे सेन्सॉरचे पाप झाले; दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा मानला की प्रश्न मिटतो. इथे जॉर्ज लुकासचे उदाहरण मोठे बोलके आहे. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना त्याने जुन्या चित्रपटांमध्ये फेरफार करण्याला, कृष्णधवल चित्रपट रंगवण्याला, कडाडून विरोध केला होता. १९९७ मध्ये त्यानेच ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या तीन चित्रपटांत नवी दृश्ये आणि नवे प्राणी घातले, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीत आणखी काही ना काही बदलत राहिला. १९७७ मध्ये जगाने पाहिलेला चित्रपट २००६ च्या डीव्हीडीसोबत जोडतबकडी म्हणून, तोही दुय्यम दर्जाच्या चित्रात, देण्यात आला. दिग्दर्शकाला आपली कलाकृती बदलण्याचा हक्क आहे, असे मी मानतो. लोकांनी पाहिलेली कलाकृती त्यांच्याकडून परत काढून घेण्याचा हक्क मात्र त्यालाही नाही. म्हणून दिग्दर्शकानुसार संग्रह करणे याचा अर्थ दिग्दर्शकाची भक्ती करणे असा लावू नये. कधी कधी तो संग्रह दिग्दर्शकाविरुद्धचा पुरावा असतो.

स्वतःची प्रत हाती नसली की बदल कळतच नाही, ही त्यातली सर्वांत धोक्याची बाब. विल्यम फ्रीडकिनचा ‘द फ्रेंच कनेक्शन’ हा १९७१ चा चित्रपट २०२३ मध्ये काही ऑनलाइन सेवांवर एका संवादाच्या तुकड्याविना दिसू लागला. त्या तुकड्यात नायक एक वर्णद्वेषी शब्द उच्चारतो. कसलीही घोषणा नव्हती, सूचना नव्हती. घरी डिस्क असलेल्या लोकांनी ती लावून पाहिली तेव्हा काय गेले ते ठरवता आले. तो शब्द ओंगळ आहे हे मला मान्य आहे, आणि आजच्या प्रेक्षकाला आधी सावध करावे असे कुणी म्हटले तर तेही पटण्यासारखे आहे. परंतु नायक म्हणून उभा केलेला पोलीस असा माणूस आहे, हे त्या चित्रपटाचे म्हणणेच आहे. ते काढून टाकले की चित्रपट सभ्य होत नाही, पोलीस सभ्य होतो.

आता विरोधी बाजूच्या त्या मुद्द्याकडे येतो जो मला सर्वांत बळकट वाटतो. चित्रपट ही सामूहिक कला असताना कपाट दिग्दर्शकाच्या नावाने का लावायचे? लेखक, छायाचित्रकार, संकलक, नट यांचे श्रम एका नावाखाली गाडण्याची ही फ्रेंच खोड नव्हे काय? खोड फ्रेंच आहे, यात शंका नाही. फ्रान्स्वा त्र्युफोने १९५४ मध्ये ‘काये द्यू सिनेमा’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखापासून दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता हे मत बळावले, आणि ती सगळी पिढी आंरी लांग्लवाच्या पॅरिसमधल्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयात एकेका दिग्दर्शकाचे चित्रपट ओळीने पाहून घडलेली होती. लांग्लवाने बेफाम गोळा केले म्हणून त्यांना ओळीने पाहता आले, आणि ओळीने पाहिले म्हणून त्यांना सिद्धान्त सुचला. आपल्याकडे तो सिद्धान्त जसाच्या तसा लागू होत नाही. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या त्रयीतून एकट्या परांजप्यांना उचलून ‘कर्ता’ ठरवणे अन्यायाचे होईल. आणि ‘साहिब बीबी और गुलाम’ कुठे ठेवायचा? श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून अबरार अल्वी यांचे नाव आहे, उत्कृष्ट दिग्दर्शनाचे फिल्मफेअर पारितोषिकही त्यांनाच मिळाले, आणि तरीही माझ्या कपाटात तो गुरुदत्तच्या रांगेतच आहे. अल्वींची मनातल्या मनात क्षमा मागूनच मी तो तिथे ठेवला.

पण या आक्षेपाला उत्तर कपाटातूनच मिळते. माझ्याकडे जब्बार पटेल यांच्या चित्रपटांची एक रांग आहे. बहुतेक व्हीसीडी आहेत, म्हणजे प्रत्येक चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर. ‘सिंहासन’ची पहिली तबकडी अशा ठिकाणी संपते की समोरच्या पात्राने तोंड उघडलेले असते आणि वाक्य दुसऱ्या तबकडीवर असते. ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’ हे तिन्ही विजय तेंडुलकरांनी लिहिलेले. त्यामुळे या तिघांचा खरा कर्ता तेंडुलकर, असे म्हणणाऱ्याच्या पदरात भरपूर पुरावा पडतो: तिन्हींत एकटा माणूस एखाद्या व्यवस्थेच्या दारात उभा राहून प्रश्न विचारतो आणि व्यवस्था त्याला पचवते किंवा बाहेर फेकते. मग त्या रांगेत ‘जैत रे जैत’ आणि ‘एक होता विदूषक’ का ठेवायचे? पहिला गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा, दुसरा पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला. त्यांची भाषा वेगळी, स्वभाव वेगळा, दोन्हींत ना. धों. महानोरांची गाणी. तरीही लिंगोबाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशी वैर धरणारा नाग्या आणि तमाशाच्या बोर्डावरून राजकारणाच्या व्यासपीठावर ओढला जाणारा विदूषक या दोघांनाही स्वतःहून कितीतरी मोठ्या शक्तीशीच गाठ घालावी लागते. तेंडुलकर नसतानाही जे उरते, ते कुणाचे? आणि तेंडुलकर असताना जी धार येते आणि नसताना बोथट होते, ती कुणाची?

एक गोष्ट तर हे चित्रपट लागोपाठच्या दोन संध्याकाळी पाहिल्याशिवाय माझ्या ध्यानात कधीच आली नसती. ‘सामना’त निळू फुले सत्ताधारी आहेत आणि श्रीराम लागू प्रश्न विचारणारे, मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारत हिंडणारा तो दारुडा मास्तर मराठी माणसाच्या बोलण्यातच येऊन बसला आहे. ‘सिंहासन’मध्ये अदलाबदल झाली आहे. लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होऊन सत्तेच्या खुर्चीकडे डोळे लावून बसले आहेत, आणि पत्रकार दिगू टिपणीस होऊन सगळे पाहणारे, सगळे कळणारे आणि काहीही करू न शकणारे निळू फुले आहेत. काल ज्या चेहऱ्याने मास्तराचा छळ केला तोच आज हताशपणे वही चाळतो. ‘सिंहासन’च्या मूळ कादंबऱ्या अरुण साधूंच्या, पटकथा तेंडुलकरांची, पण कुठल्या चेहऱ्याला कुठे उभे करायचे हा निर्णय पटकथेच्या कागदावर नसतो. मग दिग्दर्शनाला काय म्हणायचे? दिग्दर्शकानुसार लावलेले कपाट दिग्दर्शकाला मोठे करण्यासाठी नसते; त्याचा वाटा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे तपासण्याची ती सर्वांत सोपी पद्धत आहे. नटानुसार लावा, तर दुसरे काही दिसेल. लेखकानुसार लावा, तर तिसरे. ओटीटीची पाटी मात्र ‘तुम्हाला हेही आवडेल’ या तत्त्वावर लावलेली असते, आणि तिच्यात या दोन संध्याकाळी शेजारी येण्याची शक्यता किती?

दुसरा आक्षेप पैशाचा आणि पोहोचीचा आहे, आणि तो मांडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. परदेशी कंपनीने देखणी करून काढलेली एक ब्लू-रे टपालखर्च आणि जकात धरून तीन-चार हजारांच्या घरात जाते. त्या पैशात एखाद्या कुटुंबाचे वर्षाचे ओटीटी भागते. तालुक्याच्या गावातल्या मुलीला मोबाइलवर आज जितका जागतिक चित्रपट पाहता येतो तितका माझ्या पिढीला मुंबईत राहूनही मिळत नव्हता. आमची सोय काय होती? ‘प्रभात चित्र मंडळ’सारख्या फिल्म सोसायट्या, वर्षाकाठी एखादा महोत्सव, आणि मग सांगायला संकोच वाटतो असा फोर्टातला फुटपाथ. तिथे प्लॅस्टिकच्या पाकिटात कुरोसावाचे मुखपृष्ठ आणि आत भलत्याच कुणाची मारामारी असे अनेकदा निघे; जपानी चित्रपटाला चिनी अक्षरांच्या पट्ट्या असत आणि आम्ही तरीही शेवटपर्यंत बसत असू. तो चोरीचा माल होता, आणि आमच्यापैकी अनेकांचे चित्रपटशिक्षण त्या चोरीवर झाले, हे लपवून संग्रहाच्या पावित्र्याविषयी बोलणे ढोंगीपणाचे ठरेल.

परंतु पैशाचा प्रश्न कायमचा नव्हता, हेही आठवले पाहिजे. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली. किराणा दुकानाच्या गल्ल्याशेजारी, एसटी स्थानकावरच्या वर्तमानपत्रांच्या टपरीवर जुने मराठी चित्रपट टांगलेले दिसू लागले. त्या काही वर्षांत मराठी कुटुंबाने जितका स्वतःचा चित्रपट स्वतःच्या मालकीचा करून घेतला तितका आधी नाही आणि नंतरही नाही. मग इंटरनेट स्वस्त झाले, ती कंपनी बुडाली, काळा घोड्याचे ऱ्हिदम हाऊस हे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटांचे दुकान २०१६ मध्ये बंद पडले, आणि आपण त्या बदलाला निव्वळ प्रगती असे नाव दिले. मी स्वतः मध्यंतरी एका सेवेवर तीन चित्रपट ‘विकत’ घेतले होते. दोन वर्षांनी ती सेवाच गुंडाळली गेली आणि आभाराचा एक मेल आला. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा नियम केला आहे की ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज ‘विकत घ्या’ हे शब्द वापरता येणार नाहीत. आपल्याकडे अजून तो शब्द मोकळा आहे.

तबकडीही अमर नाही, हा तिसरा आक्षेप. याचा पुरावा मीच देतो. ठाण्यातल्या दहा-बारा पावसाळ्यांनंतर माझ्या कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी आली. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी प्लेअर उघडला, कागदाची घडी स्पिरिटमध्ये बुडवून हेडवरून हलकेच फिरवली आणि म्हणाले, ‘साहेब, ही कॅसेट पुन्हा घातलीत तर मशीन माझ्याकडे आणू नका.’ डीव्हीडीही कुजतात: एका मोठ्या अमेरिकन स्टुडिओच्या २००६ ते २००८ या काळातल्या कितीतरी तबकड्या आपोआप निकामी झाल्याचे कंपनीने मान्य केले आहे. प्लेअर बनवणाऱ्या कंपन्या एकामागून एक बाजारातून बाहेर पडत आहेत. तर मग चित्रपट सांभाळण्याचे काम अभिलेखागारांवर सोपवून आपण मोकळे का होऊ नये?

कारण अभिलेखागारेही जळतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि चटकन पेट घेणाऱ्या नायट्रेट फितीवरच्या जुन्या भारतीय चित्रपटांची रिळे त्यात भस्म झाली. १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेतल्या आगीत सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीची मूळ निगेटिव्ह होरपळली. वीस वर्षांनी ती पुन्हा उभी करता आली, ती जळालेल्या फितींतून वाचलेले तुकडे आणि जगभर विखुरलेल्या इतर प्रती यांच्या जोडणीतून. टिकाऊपणा कुठल्याच एका वस्तूत नसतो, तो प्रतींच्या संख्येत आणि त्यांच्या विखुरलेपणात असतो. ‘घाशीराम कोतवाल’वरचा १९७६ चा मराठी चित्रपट आज पाहता येतो तो बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेकडे एक प्रत राहिली होती म्हणून. ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटाचा ऐंशी वर्षे हरवलेला सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये सापडला, आणि ती प्रत मुळात एका चित्रपटसमीक्षकाच्या खासगी संग्रहातून आलेली होती. पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे मिळवले, तेही फाळक्यांच्या वारसांच्या दारी जाऊन. वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून घराघरांतली दप्तरे उघडत होते, त्याचाच हा चित्रपटातला अवतार. राजवाड्यांना कागद मिळाले, कारण कुणा इनामदाराच्या माळ्यावर रुमालात बांधलेले बाड पडून होते. त्या इनामदाराला इतिहासाची चाड होती असे नाही. बाड टाकून दिले नव्हते, एवढेच.

यातूनच संग्राहकांवरचा चौथा आरोप पुढे येतो, आणि तो मला झोंबतो, कारण तो खरा आहे. आमच्यातले कित्येक जण त्या इनामदारासारखेच आहेत. तबकडीवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन न फाडता ती ठेवायची, त्याच चित्रपटाचा पत्र्याचा डबा निघाला की तोही घ्यायचा, छायाचित्र काढून मिरवायचे, आणि कुणी पाहायला मागितला तर ‘एकच प्रत आहे हो’ म्हणायचे. ही साठेबाजी आहे. वेष्टनातला चित्रपट आणि ओटीटीवरून काढून टाकलेला चित्रपट यांत प्रेक्षकाच्या दृष्टीने काय फरक? संग्रहाचे समर्थन तो पुन्हा पाहण्यासाठी आणि दुसऱ्याला देण्यासाठी आहे म्हणूनच करता येते. त्याखेरीज उरतो तो फर्निचरचा एक प्रकार. माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात नेणाऱ्याचे नाव, चित्रपट, तारीख आणि ‘परत’ असे चार रकाने आहेत. चौथा रकाना काही ठिकाणी कायमचाच रिकामा राहिला आहे. शेवटी ‘पाठलाग’ मी दुसऱ्यांदा घेतला.

आणि इथे कायदा, सर्वांच्या समजुतीच्या उलट, थोडीशी वाट मोकळी ठेवतो. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा चित्रपट व्यावसायिक रीतीने भाड्याने देण्याची व्याख्या करताना एक अपवाद लिहिला गेला: ना-नफा ग्रंथालयाने किंवा ना-नफा शैक्षणिक संस्थेने रीतसर मिळवलेली प्रत ना-नफा हेतूने वाचकाला दिली तर ते व्यावसायिक भाडे ठरत नाही. शिवाय चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो; १९६४ किंवा त्याआधीचे चित्रपट, चित्रपट म्हणून, आता सर्वांचे झाले आहेत. पण चांगली प्रत हाती नसेल तर या हक्काचा उपयोग काय? विहीर गावाची झाली, पोहरा कुणाकडेच नाही. पुस्तकांसाठी १९५४ पासून कायदा आहे, प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवलीच पाहिजे. चित्रपटासाठी तसे सर्वसाधारण बंधन आपण आजही घातलेले नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालये आहेत, जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात एक. त्यांतल्या किती ठिकाणी भालजी पेंढारकर, अनंत माने, सुमित्रा भावे यांच्या चित्रपटांची ओळ फळीवर लागलेली आहे? सिनेमा ही वाचायची गोष्ट नाही, हे त्यामागचे न बोललेले कारण असावे. नाटकाची पुस्तके मात्र आपण दीडशे वर्षे विनातक्रार ठेवत आलो आहोत.

गेल्या दिवाळीनंतर मी दुबार झालेल्या एकतीस तबकड्या पिशवीत भरून आमच्या भागातल्या एका ग्रंथालयात घेऊन गेलो. ग्रंथपाल बाईंनी त्या एकेक करून टेबलावर मांडल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि दाखल नोंदवही पुढे ओढली. लेखकाच्या रकान्यात कुणाचे नाव घालायचे, यावर आमची पाच मिनिटे चर्चा झाली. ‘उंबरठा’पुढे त्यांनी आधी तेंडुलकर लिहिले, मग स्वल्पविराम देऊन जब्बार पटेल. प्रकाशकाच्या जागी त्यांनी डब्यावरचे कंपनीचे नाव उतरवले. पुढचा छापील रकाना ‘पृष्ठे’ असा होता. त्यांनी क्षणभर पेन थांबवले आणि त्यात ‘तबकड्या दोन’ असे लिहिले.